कुत्र्यांच्या दवापाण्याचा पैसा येतो कुठून, जातो कुठे?

आम्ही गोवंडीहून बोलतोय. मुंबईत आमचा भाग शोधायचा तर देवनारचा कचऱ्याचा डोंगर विचारा, कुणीही दाखवेल. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडतोय. त्याच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफिकनगर अशा आमच्या वस्त्या. जवळच १९७१ सालापासूनचा देवनारचा कत्तलखाना. जिथे कचरा आणि हाडकं, तिथे कुत्री असणारच. तुमच्या गावात उकिरड्याभोवती पाच-सहा फिरत असतील. आमच्याकडे गल्लीच्या प्रत्येक तोंडाशी तेवढी असतात.

आज कुत्र्यांवर बोलायचं आहे, पण खरं बोलायचं आहे ते पैशावर. आम्ही बचत गटाच्या बायका. आपल्याला जमाखर्च कळतो. म्हणूनच ही गोष्ट आमच्याकडे आली.

आमच्या भागात काही पोरं-पोरी आहेत. कुणी कॉलेजात, कुणी रिक्षा चालवणारा, एक भाजीचा गाळा लावणारी. गाडीखाली आलेलं कुत्रं उचलून दवाखान्यात नेतात, जखमेत अळ्या पडल्या असतील तर साफ करतात, पिलांना घरं शोधतात. पगार कुणालाच नाही. मागच्या पावसाळ्याआधी ती आमच्या बैठकीत आली, वर्गणी मागितली. आम्ही प्रत्येकीने थोडे थोडे दिले. मुक्या जनावराचं काम आहे, नाही कशाला म्हणायचं!

आणि मग पावसाळ्यातच आमच्या एका सभासदाच्या सात वर्षांच्या मुलाला शाळेतून येताना कुत्रं चावलं. पोटरीला दात लागले. इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली, पण दरवेळी अर्धा दिवस रांगेत. तितक्या दिवसांची तिची कामं बुडाली, एक घर तर सुटलंच. पुढच्या बैठकीत ती बोलायला उभी राहिली. आरडाओरडा नाही केला. एवढंच विचारलं, "मी दिलेल्या पैशातून त्याच कुत्र्याला खायला घातलं का?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. आमच्याकडे नव्हतं आणि त्या पोरांकडेही नव्हतं. आम्ही त्यांना निरोप धाडला, हिशोब घेऊन या.

ती आली ती एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत औषधांच्या दुकानाची बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पेट्रोलच्या पावत्या, निम्म्या भिजलेल्या. जमा सगळी एका मुलीच्या स्वतःच्या फोनवर. तिचा क्लासचा पगार, आईने पाठवलेले पैसे आणि कुत्र्यांच्या देणग्या, सगळं एकाच खात्यात. चोरी कुणी केली नव्हती, उलट हिशोब लावल्यावर कळलं की त्या मुलीनेच स्वतःच्या पदरचे पैसे घातले होते. पण ते तिलाही माहीत नव्हतं. आम्ही तीन रविवार बालवाडीच्या खोलीत त्यांच्याबरोबर बसलो, बिलं उन्हात वाळवली, रोजकीर्द लिहून काढली. त्या बसण्यातून आणि मग मोठ्या संस्था हे काम कसं करतात ते विचारून-वाचून जे समजलं, ते तुम्हाला सांगतो.

हा प्रश्न मुंबईत नवा नाही. १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस लावलं. बक्षिसासाठी लोक घरादारातली पाळलेली कुत्रीही मारायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माने मान आहे. जून महिन्यात त्यांनी दुकानं बंद ठेवली, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढली. तिचा खर्च भागवायला व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर थोडा थोडा लागा लावून घेतला. म्हणजे धंदा चालला की जनावरांचा हिस्सा आपोआप बाजूला. आम्हाला ही युक्ती फार आवडली, कारण आपली मासिक बचत तरी दुसरं काय आहे? दर महिन्याला ठरलेली रक्कम, मन असो नसो. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई जनावरांचा दवाखाना झाला, तो सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून. तो आजही चालू आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातच दोन्ही वाटा दिसतात, एका श्रीमंताची मोठी देणगी आणि पुष्कळांचा थोडा थोडा लागा.

आजच्या संस्थाही याच दोन वाटांवर आहेत. मुंबईत १९८५ पासून 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था आहे. महालक्ष्मीला तिचं केंद्र आहे. नसबंदी, लस, रस्त्यावर जाऊन मलमपट्टी, देशी कुत्र्यांना घर मिळवून देणं, शाळांत जाऊन रेबीजबद्दल सांगणं, अशी तिची कामं. आमच्या देवनारलाही 'इन डिफेन्स ऑफ अ‍ॅनिमल्स' या संस्थेने नसबंदीचं काम केलं आहे. असल्या संस्थांकडे पैसा येतो तो बऱ्याच तोंडांनी. घरगुती देणग्या, वाढदिवसाला किंवा कुणाच्या स्मरणार्थ दिलेले पैसे, एका कुत्र्याचा महिन्याचा खर्च उचलणारे पालक-देणगीदार, कुत्र्यांच्या फोटोंची कॅलेंडरं आणि टी-शर्ट विकून आलेली रक्कम, कंपन्यांचा निधी, प्राणी कल्याण मंडळाचं अनुदान आणि नसबंदीसाठी महापालिकेकडून येणारं बिल.

या महापालिकेच्या पैशाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ते आपल्याला लगेच कळण्यासारखं आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही कायद्याने स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आधी २००१ चे नियम होते, आता २०२३ चे आहेत. महापालिका हे काम संस्थेला देते आणि दर कुत्र्यामागे ठरलेली रक्कम देते. पण कधी? काम झाल्यावर. आणि नुसतं तोंडी सांगून नाही. नसबंदीत काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये जपून ठेवायचे, तपासणी समिती ते मोजते आणि मग बिल पास होतं. ऐकायला कसंतरी वाटतं, पण असा चोख हिशोब आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. शालेय पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या किंवा गणवेश शिवणाऱ्या गटांना हे चांगलं ठाऊक आहे. तांदूळ शिजून मुलं जेवून जातात, कापड शिवून मुलं घालतात, बिल मात्र यायचं तेव्हा येतं. तोवर किराणावाल्याची उधारी आपल्या डोक्यावर. या संस्थांचंही तेच. डॉक्टरचा पगार, गाडीचं डिझेल, भूल देण्याचं औषध यांना आजच रोख लागते. हाताशी दोन-चार महिन्यांचा खर्च शिल्लक नसेल तर सरकारी काम घेऊनही संस्था बुडते.

कंपन्यांचा निधी म्हणजे काय, तेही थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना, उदाहरणार्थ वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असणाऱ्यांना, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत प्राणी कल्याण आहे. पण कंपनी पैसे देते ते नोंदणीकृत संस्थेला, आणि बहुधा गाडी, यंत्र, शस्त्रक्रियेची खोली अशा दिसणाऱ्या वस्तूला. गाडीवर नाव लिहिता येतं. ड्रायव्हरच्या पगारावर कुठे नाव लिहिणार?

इथेच या सगळ्या पैशाची खरी गोम आहे. आमच्या पोरांची वही लिहिताना ती आम्हाला स्पष्ट दिसली. पाय मोडलेल्या पिलाचा फोटो टाकला की दोन दिवसांत गरजेपेक्षा जास्त पैसे आलेले. त्याच महिन्यात वीस कुत्र्यांना रेबीजची लस द्यायची म्हणून मागितलं, तर जवळजवळ काहीच आलं नाही. जखम दिसते, लस दिसत नाही. आणि चावलेल्या पोराच्या आईला हवी असते ती लसच! आमच्या सभासदाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं. तिच्या पैशातून त्या कुत्र्याला खायला घातलं होतं की नाही ते कुणालाच सांगता आलं नाही. पण त्याला लस दिली नव्हती, हे नक्की होतं. वहीत लसीचा खर्चच नव्हता.

आता समजा, एका जखमी कुत्र्यासाठी १०,००० रुपये मागितले. लोकांनी १४,००० दिले. खर्च झाला ९,०००. उरलेले ५,००० कुणाचे? पोरं म्हणाली, आपलेच की, पुढच्या कुत्र्याला वापरू. आम्ही म्हटलं, असं कसं? ज्याने त्या काळ्या पिलासाठी दिले, त्याला विचारलं का? गटात कुणी मुलीच्या लग्नासाठी कर्ज घेऊन म्हैस घेतली तर आपण बैठकीत विचारतोच ना. यावर उपाय अवघड नाही. मागतानाच लिहायचं की या कुत्र्याचा खर्च भागून जे उरेल ते लस आणि नसबंदीला जाईल. खर्च संपला की बिलांसह हिशोब सगळ्यांना दाखवायचा. मोठ्या संस्था याला दोन वेगळे निधी मानतात, ठरावीक कामाचा आणि सर्वसाधारण. वहीत दोन खाती, एवढंच.

खर्चाकडे वळू. पोरं म्हणायची, "आमचा खर्च कसला, आम्ही तर फुकट काम करतो." चिठ्ठ्या मांडल्यावर सगळ्यात जास्त गेलेला पैसा दिसला तो दवाखान्याचा. स्वयंसेवक कुत्रं उचलेल, पण टाके घालायला, भूल द्यायला पशुवैद्यच लागतो. एक्स-रे, सलाइन, हाड जोडायचं असेल तर शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा दिवस पिंजऱ्यात ठेवायचं तर त्याचं रोजचं भाडं वेगळं, आणि खरं बघता हे भाडंच वाढत जातं. मादीची नसबंदी नरापेक्षा महाग पडते, कारण पोट उघडावं लागतं. मग रिक्षाभाडं. जखमी कुत्रं घ्यायला कुठला रिक्षावाला तयार होत नाही, म्हणून त्यांच्यातलाच रिक्षावाला दिवसाची कमाई सोडून जातो. त्याला गॅसचे पैसे दिलेच पाहिजेत, असं आम्ही वहीत नियम म्हणून लिहून घेतलं. त्याच्या बायकोने आमच्यापाशी नंतर हळूच आभार मानले.

खाण्याचा खर्च मात्र कमी. कोंबडीच्या दुकानातले पाय आणि मुंड्या, त्यात स्वस्त तांदूळ. पण खाऊ घालण्यावरूनच भांडणं जास्त होतात. शाळेच्या दारात, जिन्याखाली, नळावर खाऊ घातलं की कुत्री तिथेच ठाण मांडतात. २०२३ च्या नियमांतही लहान मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खाऊ घालावं असं आहे. पोरांनी जागा बदलली. त्याला एक पैसाही लागला नाही.

एक खर्च तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. कुत्री हाताळणाऱ्यांची स्वतःची लस. चावण्याआधीच घ्यायची लस असते, ती या कामातल्या प्रत्येकाने घ्यायला हवी. दोघांना आधी चावलेलं होतं आणि त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं! यावर आम्ही त्यांना चांगलं झापलं. आणि तुम्हीही ऐकून ठेवा. कुत्रं चावलं की हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, पण वेळेवर इंजेक्शन घेतलं तर रेबीज होऊच देत नाही.

आता नोंदणी. गणपतीत वर्गणी गोळा करणारी मंडळं धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढतात हे तुम्ही ऐकलं असेल. ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असते. नोंदणी नसलेल्यांनी लोकांकडून धर्मादाय कामाला पैसा गोळा करायचा तर ती लागते, आणि कुत्र्यांसाठी मागितला म्हणून सूट नाही. कायम काम करायचं तर न्यासाची नोंदणी करावी. मग विश्वस्त ठरतात, संस्थेच्या नावाने बँक खातं निघतं, दरवर्षी सनदी लेखापालाकडून हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे, तुमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यानंतर आयकर खात्याची दोन नोंदणीपत्रं. पहिल्याने संस्थेच्या उत्पन्नावरचा कर वाचतो, पण त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच कामावर खर्च व्हावे लागतात. दुसऱ्याने देणाऱ्याला सवलत मिळते. जुनी करपद्धत घेणाऱ्याला साधारण निम्म्या देणगीवर, आणि २,००० रुपयांवरची देणगी रोखीत दिली तर तीही नाही. परदेशातून पैसा घ्यायचा तर वेगळी परवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेत वेगळं खातं. ती नसताना दुबईच्या भाच्याने मित्रांकडून गोळा करून पाठवलेलं घेऊ नका, भानगडीत पडाल.

आमची पोरं एवढ्यात न्यास काढतील असं वाटत नाही. फी, लेखापाल, कागदपत्रं, हाही खर्चच आहे. सध्या त्यांनी असं ठरवलं आहे की मोठा उपचार असला की देणगीदाराने पैसे सरळ दवाखान्याच्या खात्यावर भरायचे, किंवा नोंदणी असलेल्या संस्थेला द्यायचे आणि संस्थेने कुत्रं न्यायचं. यांच्या हातात येतो तो फक्त आमच्यासारख्या ओळखीच्यांनी दिलेला किरकोळ पैसा. त्याची वही दर महिन्याला आमच्या बैठकीत वाचली जाते.

फसवणुकीबद्दल न बोलून चालणार नाही, कारण आम्ही स्वतः फसलो आहोत. दोन वर्षांपूर्वी एका माणसाने फोनवर रक्ताळलेल्या कुत्र्याचा फोटो आणि पैसे भरायचा कोड पाठवला होता. आमच्यातल्या चौघींनी भरले. पुढे तोच फोटो दुसऱ्याच शहराच्या नावाने फिरताना दिसला. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी विचारतो. कुत्रं कुठल्या दवाखान्यात आहे, तिथे फोन करून खात्री करता येईल का? खातं माणसाच्या नावाचं की संस्थेच्या? आणि मागच्या वेळी मागितलेल्याचं काय झालं? खरं काम करणारा या प्रश्नांनी रागावत नाही. तो थकलेला असतो, पण बिल दाखवतो.

यावर एक जण म्हणेल, आणि आमच्या बैठकीत म्हणालीच, की माणसांना औषध नाही आणि कुत्र्यांना कशाला? आम्ही तिला खोटं पाडणार नाही. गोवंडीत क्षयाचे रुग्ण घरोघरी आहेत. पण कुत्री मारून संपत नाहीत, हे मुंबईने वर्षानुवर्षं मारून पाहिलं आहे. कचरा आहे तोवर रिकाम्या जागी दुसरी येतात. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत व्याते. २०१४ च्या मोजणीत मुंबईत सुमारे ९५ हजार मोकाट कुत्री होती. त्यातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रेबीजची साखळी तुटते, असं जाणकार सांगतात. गोव्यात २०१४ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था मिळून दरवर्षी घरोघरी, रस्तोरस्ती लस देत आली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. तिथे पैसा पिलाच्या फोटोवर आला नाही. सरकारने अंदाजपत्रकातून दिला आणि संस्थेने माणसं उभी केली.

गावात तुमच्याकडे आमच्यापेक्षा एक गोष्ट बरी आहे. जिल्हा परिषदेचा जनावरांचा दवाखाना असतो, गटात पशुसखी असते. लस मिळेल का, किती लागतील, हे तिथे विचारता येतं. आणि नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे म्हणजे ती ग्रामपंचायतीचीही आहे. तेव्हा ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. वर्गणी काढायची ती त्यानंतर.

आमच्याकडे आता असं ठरलं आहे. गटाच्या बचतीतून कुत्र्यांना एक रुपया द्यायचा नाही, तो पैसा कर्जासाठी आहे. ज्या बाईला द्यायचं असेल तिने वेगळं द्यावं, आणि ते फक्त लसीच्या खात्यात जाईल. पहिल्या वेळी बावीस कुत्र्यांना लस झाली. एका संस्थेने डॉक्टर पाठवला, लस आमच्या पैशाची. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, त्यावरून तीही नोंद केली. कुठल्या गल्लीतलं कुत्रं, रंग कोणता, खाच आहे का, लस कधी, असे चार रकाने आखले आहेत.

ज्या बाईच्या मुलाला कुत्रं चावलं होतं, तिने पैसे दिले नाहीत. तिने तसं स्पष्ट सांगितलं आणि आम्ही आग्रह केला नाही. पण तिचं अक्षर आमच्यात सगळ्यात चांगलं आहे, म्हणून वही तिच्याकडे आहे. मागच्या बैठकीत तिने एका औषधाच्या बिलावर तारीख नाही म्हणून पोरांना परत पाठवलं.